अठ्ठेचाळीस तासांचा सिनेमा

अहिल्यानगर (नगर) जिल्ह्यातल्या अकोले तालुक्याच्या पश्चिम पट्ट्यात, भंडारदऱ्याच्या वरच्या अंगाला ज्या वाड्या-वस्त्या आहेत, तिथल्या पुष्कळ मुलांनी थिएटर पाहिलेलं नाही. मोठ्या पडद्यावरचा सिनेमा त्यांना दिसतो तो शाळेतच, वर्गाच्या खिडक्यांना पोती लावून प्रोजेक्टर सुरू केला की. मी याच भागात शिक्षक आहे. वर्षातून काही वेळा मुलांना चांगला मराठी चित्रपट दाखवायचा, असा आमच्या शाळेचा शिरस्ता आहे. तो पाळताना ऑनलाइन भाड्याचा सिनेमा आणि विकतची डिस्क या दोन्हींशी माझी चांगलीच गाठ पडली. दुसऱ्या शाळांना, गावच्या वाचनालयांना आणि घरी आई-वडिलांसाठी जुने सिनेमे जमवणाऱ्यांना उपयोग व्हावा म्हणून लिहितो आहे.

एका बालदिनाच्या आठवड्यात आम्ही एक चित्रपट ऑनलाइन भाड्याने घेतला. शाळेत नेटवर्कचा भरवसा नाही, म्हणून नेटवर्क मिळतं त्या राजूर गावी थांबून तो टॅबमध्ये उतरवला. गुरुवारी संध्याकाळी आवाज नीट येतो का ते पाहायला सुरुवातीची दहा मिनिटं लावून पाहिली. शुक्रवारी दुपारी दाखवायचं ठरलं होतं, तर सकाळीच लाइट गेली आणि आली ती रात्री. शनिवारी केंद्राच्या क्रीडा स्पर्धा. सोमवारी मुलं सतरंजीवर दाटीवाटीने बसली, पडदा लागला, आणि टॅबवर सूचना आली की भाड्याची मुदत संपली आहे.

ऑनलाइन भाड्याला बहुधा दोन मुदती असतात. पैसे भरल्यापासून साधारण तीस दिवसांत चित्रपट सुरू करायचा, ही पहिली. एकदा सुरू केला की बहुतेक ठिकाणी अठ्ठेचाळीस तासांत संपवायचा, ही दुसरी. दहा मिनिटं लावली तरी ही दुसरी मुदत चालू होते. फाइल तुमच्या टॅबमध्ये उतरलेली असते, पण ती उघडायची किल्ली कंपनीकडे राहते आणि वेळ संपली की फाइल उघडत नाही. शहरातल्या घरात याची अडचण होत नाही. सहाला लावला, नऊला संपला. पावसाळ्यात आठ-आठ तास वीज जाणाऱ्या घाटघर-रतनवाडीच्या बाजूला अठ्ठेचाळीस तास फार थोडे पडतात. म्हणून माझं पहिलं सांगणं असं की भाड्याचा सिनेमा चाचणीसाठी कधीही सुरू करू नये.

मग चाचणी करायची कशी? पुढच्या खेपेला आम्ही सिनेमा आधी उघडलाच नाही आणि ऐनवेळी नवीन अडचण आली. आवाज येत होता, पडदा काळाच. भाड्याच्या चित्रपटाला नक्कल होऊ नये म्हणून कुलूप घातलेलं असतं. प्रोजेक्टर जुना असेल किंवा मधला जोड साधा, स्वस्तातला असेल तर ते कुलूप ओळखलं जात नाही आणि चित्र दिसत नाही. मोबाइलचा पडदा टीव्हीवर टाकण्याची जी सोय असते, तिच्यातही हेच होतं. घरचा व्हिडिओ किंवा यूट्यूबवरची गाणी छान दिसतात, त्यामुळे यंत्रात दोष आहे असं वाटत नाही. यावर आम्हाला सापडलेला उपाय सोपा आहे: शिक्षकांपैकी कुणाकडे ज्या सेवेचं महिन्याचं वर्गणीखातं आहे, त्याच सेवेवरचा दुसरा एखादा चित्रपट त्याच प्रोजेक्टरवर, त्याच केबलने लावून पाहायचा. तो दिसला तर भाड्याचाही दिसण्याची आशा धरावी. नाही दिसला तर पैसे भरू नयेत.

आता ‘विकत घ्या’ या बटनाविषयी. भाड्यापेक्षा चार पैसे जास्त घालून चित्रपट कायमचा आपला होतो, अशी आपली समजूत होते. प्रत्यक्षात आपण घेतो ती पाहण्याची परवानगी असते, आणि ती त्या कंपनीचे हक्क व कंपनीचं दुकान चालू असेपर्यंतच टिकते. अमेरिकेत ‘अल्ट्राव्हायोलेट’ नावाची, मोठमोठ्या स्टुडिओंचा पाठिंबा असलेली चित्रपटांची ऑनलाइन तिजोरी ३१ जुलै २०१९ रोजी बंद झाली. लोकांनी आपले चित्रपट दुसऱ्या सेवांकडे वळवून घेतले तेवढेच वाचले. कॅलिफोर्नियात १ जानेवारी २०२५पासून कायदाच आहे की ग्राहकाला नुसती परवानगी मिळणार असेल तर विक्रेत्याने ते स्पष्ट सांगितलं पाहिजे. आपल्याकडे असं ठळक सांगणं बंधनकारक होईपर्यंत अटींचं पान उघडून आपणच वाचावं. माझ्या एका नातेवाइकांनी आईसाठी असेच चित्रपट ‘विकत’ घेतले होते. त्या सेवेने विक्री आवरली आणि म्हाताऱ्या बाईंची यादी रिकामी झाली. त्या बाईंनी मला फोनवर विचारलं, “अरे, पैसे दिले होते ना आपण?” मला याचं उत्तर देता आलं नाही.

डिस्कचं तसं नाही. ती हातात असते, तिला नेटवर्क लागत नाही, आणि लाइट आल्यावर हव्या त्या ठिकाणापासून पुढे लावता येते. २००७च्या सुमारास मोझर बेअर कंपनीने २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी बाजारात आणली, तेव्हा आमच्यासारख्यांच्या घरात पहिल्यांदा चित्रपटांचा संग्रह झाला. त्याआधी गणपतीत व्हीसीआर आणि टीव्ही रात्रभर भाड्याने आणून गल्लीने सिनेमे पाहिले होते. ती कंपनी पुढे दिवाळखोरीत गेली, कॅसेटची दुकानं मोबाइलची झाली. नेटफ्लिक्सचा धंदाही मुळात टपालाने डिस्क भाड्याने देण्याचा. त्यांनी २९ सप्टेंबर २०२३ला शेवटची डिस्क पाठवली. डिस्कचा धंदा असा सगळीकडे आटल्याने आज मराठी चित्रपटाची नवी डिस्क मिळणं अवघड झालं आहे, आणि ज्या जुन्या आहेत त्या जपणं जास्त गरजेचं.

जपायचं कसं, यावर थोडं सविस्तर सांगतो, कारण आमच्याकडच्या ओलीने मला हे शिकवलं. पावसाळ्यात पुठ्ठ्याच्या पाकिटात ठेवलेल्या डिस्कवर बुरशी धरते. डिस्क प्लास्टिकच्या डबीत, उभी ठेवावी, आणि कपाट बाहेरच्या भिंतीला टेकलेलं नसावं. पुसताना मऊ सुती कापडाने मधल्या भोकापासून कडेकडे सरळ पुसावं. गोल गोल पुसलं की जो चरा पडतो तो वाचणाऱ्या किरणाच्या वाटेतच आडवा येतो. छापलेल्या बाजूवर पेनने नाव लिहू नये, कारण सीडीत माहितीचा थर त्याच बाजूला, अगदी पातळ लेपाखाली असतो. यात्रेत मिळणाऱ्या, घरी कोरलेल्या नकलांवर पैसे घालवू नयेत. त्या बेकायदा तर आहेतच, शिवाय त्यांतला रंगाचा थर उन्हाने आणि काळाने विरतो.

प्लेअर घेताना टीव्हीच्या मागची छिद्रं आधी पाहा. नव्या टीव्हीला लाल-पांढरी-पिवळी वायर बहुधा बसत नाही, त्यामुळे एचडीएमआय असलेलाच प्लेअर घ्यावा. लॅपटॉप असेल तर यूएसबीने जोडायचा बाहेरचा डीव्हीडी ड्राइव्ह पुरतो. परदेशी राहणाऱ्या भाच्या-पुतण्यांसाठी डिस्क पाठवणार असाल तर वेष्टनावरचा विभाग क्रमांक वाचा. डीव्हीडीसाठी भारत पाचव्या विभागात येतो आणि अमेरिका पहिल्या. ‘सर्व विभाग’ असं छापलेलं असेल तरच निर्धास्त पाठवावी.

शाळांसाठी एक गोष्ट मुद्दाम. १९५७च्या कॉपीराइट कायद्याच्या ५२व्या कलमात शिक्षणसंस्थेला तिच्या उपक्रमाचा भाग म्हणून विद्यार्थी, शिक्षक, पालक आणि संस्थेशी संबंधित लोकांपुरता चित्रपट दाखवायची मोकळीक आहे. बहुतेक ऑनलाइन सेवांच्या अटी मात्र फक्त खासगी, घरगुती वापराला परवानगी देतात. तेव्हा वर्गात दाखवायला डिस्क केव्हाही सरळ. गणेश मंडळाला किंवा गावच्या चौकाला ही मोकळीक लागू होत नाही, तिथे हक्कधारकाची परवानगी लागते. डिस्क शेजाऱ्याला पाहायला द्यायला हरकत नाही, पण हक्कधारकाच्या परवानगीशिवाय भाड्याने देण्याचा धंदा करता येत नाही. आणि चित्रपटाचा हक्क प्रदर्शनानंतरच्या वर्षापासून साठ वर्षांनी संपतो, म्हणून आचार्य अत्र्यांचा १९५३चा ‘श्यामची आई’ आज सर्वांसाठी मोकळा आहे. त्यावर भाडं भरायची गरजच नाही.

एकदाच पाहायचा नवा चित्रपट भाड्याने घ्यावा, त्यात काही वावगं नाही. शंभर-दीडशे रुपयांत घरातली चार माणसं बघतात. पण काही चित्रपट आपल्या मुलखाचे असतात आणि ते पुन्हा पुन्हा दाखवायचे असतात. नगरच्या न्यू आर्ट्स महाविद्यालयात शिकताना नागराज मंजुळे यांनी ‘पिस्तुल्या’ हा लघुपट केला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला. श्रीगोंदा तालुक्यातल्या भाऊराव कऱ्हाडे यांनी जमीन विकून ‘ख्वाडा’ केला, त्यालाही राष्ट्रीय पुरस्कार मिळाले. शाळा सुटल्यावर मेंढरांमागे जाणारं पोर असे चित्रपट पाहताना जसं बसतं, तसं दुसरा कुठलाही पाहताना बसत नाही. असे चित्रपट आज एका सेवेवर असतात, उद्या नसतात. ८ जानेवारी २००३ला पुण्यात फिल्म इन्स्टिट्यूटच्या आवारातल्या गोदामाला आग लागली आणि जुन्या नायट्रेट फिती जळाल्या. त्यांत प्रभात फिल्म कंपनीच्या चित्रपटांच्याही होत्या. एकाच ठिकाणी ठेवलेलं एका दिवसात जाऊ शकतं, हे महाराष्ट्राने पाहिलेलं आहे.

म्हणून हवा असलेला चित्रपट डिस्कवर निघाला आहे का, हे आधी शोधा. जुन्या वस्तूंच्या दुकानात विचारा, बंद झालेल्या कॅसेट-लायब्ररीच्या मालकांना विचारा. अशांच्या माळ्यावर खोकी पडून असतात. विकत घेण्याआधी तिथेच लावून शेवटची दहा मिनिटं पाहा. व्हीसीडी आणि एका थराची डीव्हीडी आतून बाहेर वाचली जाते आणि खराबी बहुधा बाहेरच्या कडेला, म्हणजे सिनेमाच्या शेवटी दिसते. डिस्क निघालेलीच नसेल तर थेट निर्मात्याला पत्र लिहा. शाळेचं नाव, पटसंख्या, दाखवायची तारीख, तिकीट नाही ही गोष्ट आणि मुख्याध्यापकांची सही, एवढं पत्रात असावं. परवानगी लेखी घ्यावी आणि ती डिस्कच्याच डबीत घडी करून ठेवावी.