माहूर व पैनगंगा : एक परिसर-पाठ

माहूर म्हटले म्हणजे रेणुकामातेचा गड व दत्तशिखर विद्यार्थ्यांच्या डोळ्यांपुढे उभे राहते. साडेतीन पीठांपैकी एक पीठ ज्या गावी आहे, तेथे असेच व्हावयाचे. तथापि परिसराचा पाठ घेताना शिक्षकांनी आरंभ नदीपासून करावा.

अजिंठ्याच्या डोंगरात उगम पावणारी पैनगंगा माहूरच्या डोंगरास उत्तरेकडून मोठा वळसा घालून पूर्वेस जाते. जिल्ह्याचे मुख्य ठिकाण नांदेड हे गोदावरीकाठी. तेव्हा माहूरचे पाणी नांदेडास जात असावे, असे मुले सहज सांगतात. नकाशावर बोट फिरवून दाखवावे. पैनगंगा वर्धेस मिळते, वर्धा व वैनगंगा मिळून प्राणहिता होते, आणि ती तेलंगणाच्या सीमेवर कालेश्वराजवळ गोदावरीस मिळते. नांदेडच्या व माहूरच्या पाण्याची गाठ इतक्या दूर पडते!

बहमनी राज्यात महमूद गावानने वऱ्हाडचे दोन भाग केले, तेव्हा एकाचे ठाणे गाविलगड व दुसऱ्याचे माहूर झाले. अकबराच्या काळी माहूर हे वऱ्हाड सुभ्यातील एक सरकार होते. १६६१ साली उंबरखिंडीत शिवाजी महाराजांनी कोंडलेल्या मोगल फौजेतील रायबागन याच माहूरच्या देशमुख घराण्यातील. मुलांस ही गोष्ट फार आवडते. पण तीवर सारा तास घालवू नये.

खरा विचार करावयास लावणारा भाग पुढचा आहे. १८५३ साली वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात गेला आणि पैनगंगा दोन राजवटींची सीमा झाली. पलीकडील शाळेत मराठी, अलीकडे निजामी राज्यात वरच्या वर्गांचे शिक्षण उर्दूतून. पलीकडे कलदार रुपया, अलीकडे हाली सिक्का. माल नदी ओलांडून आणावा तर करोडगिरीचा नाका. बोली मात्र दोन्ही काठी मराठीच, आणि सोयरिकीही दोन्ही काठी. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली, तरी एक काठ हैदराबाद राज्यात व दुसरा मध्यप्रदेशात राहिला. १ नोव्हेंबर १९५६ रोजी दोन्ही काठ एका राज्यात आले. त्याच वेळी किनवट तालुका आदिलाबादेतून नांदेड जिल्ह्यात आला. माहूर पुढे त्यातूनच वेगळा तालुका झाला.

पाठानंतर प्रत्येक मुलाने आजीचे व पणजीचे माहेर कोणत्या काठचे, हे घरी विचारून यावे. दुसऱ्या दिवशी ती गावे फळ्यावर दोन रकान्यांत मांडावीत. यवतमाळकडील रकाना बहुधा रिकामा राहत नाही.