जक्कयचे घर, आपले घर



प्रभू येशू जक्कयच्या घरी उतरला (लूक १९:१-१०). जक्कयने आनंदाने त्याचे स्वागत केले. पण तेवढ्यावर तो थांबला नाही. अर्धी मालमत्ता गोरगरिबांना देण्याचे आणि लुबाडलेले चौपट परत करण्याचे वचन त्याने दिले. ख्रिस्तासाठी उघडलेले दार शेजाऱ्यासाठीही उघडे राहते, हा आपल्यासाठी धडा आहे.

आपल्या जालना जिल्ह्यातून दिवाळीच्या सुमारास अनेक कुटुंबे ऊसतोडीला जातात. मागे म्हातारी माणसे राहतात. जालन्याच्या पोलाद कारखान्यांत परराज्यांतून कामगार येतात. त्यांच्यापैकी कोणी मिस्साला येऊन मागच्या बाकावर बसला, तर आपण त्याचे नाव तरी विचारतो का?

पोप फ्रान्सिस यांनी १० जानेवारी २०२१ रोजी वाचक व वेदीसेवक ही सेवापदे स्त्रियांसाठीही खुली केली. १० मे २०२१ रोजी त्यांनी धर्मशिक्षकाचे सेवापद स्थापन केले. ही पदे विधिपूर्वक दिली जातात; परंतु सेवेला आरंभ करण्यासाठी पदाची वाट पाहावी लागत नाही. वाचनाला, दान गोळा करायला दर रविवारी तेच चार चेहरे दिसतात, हे आपण प्रांजळपणे कबूल करू या.

या आठवड्यात एकट्या राहणाऱ्या एका आजी-आजोबांकडे जाऊ या. त्यांच्यासोबत शुभवर्तमान वाचू या. पुढच्या रविवारी मागच्या बाकावरच्या पाहुण्याला आपल्याजवळ बसवू या. कदाचित त्याच्या रूपाने प्रभूच आपल्या घरी उतरू पाहत असेल.