गाव वसवणारा पूर्वज शोधताना

पुसद, दारव्हा, महागावकडच्या कितीतरी घरांत एक वाक्य ठरलेले असते : ‘हे गाव आमच्या पूर्वजांनी वसवले.’ घराण्याची वंशावळ शोधायला निघालेल्याने सर्वांत आधी याच वाक्यापासून सावध राहावे, असे माझे आजवरच्या धांडोळ्यानंतरचे मत आहे. ते खोटेच असते असे नाही. त्यात तीन वेगळी माणसे एक होऊन बसलेली असतात, ही अडचण आहे. 1853 च्या तहाने निजामाचे वऱ्हाड इंग्रजांच्या ताब्यात आले. 1861 ते 1865 या काळात अमेरिकेतल्या यादवीमुळे कापसाचे भाव चढले आणि 1867 मध्ये रेल्वे नागपूरला पोहोचली. कापसाला जमीन हवी होती, आणि या डोंगरमुलखात तर गावेच्या गावे वहितीवाचून पडून होती. 1865 च्या पडीत जमिनींच्या नियमांखाली अशी गावे लागवडीच्या अटीवर, मुदतीच्या पट्ट्याने दिली गेली. यवतमाळ जिल्ह्यातल्या काही गावांच्या नावांना ‘इजारा’ हा शब्द अजून चिकटलेला दिसतो, तो त्याच व्यवहाराचा. आता पट्टा घेणारा इजारदार हा एक माणूस. काटेरी रान तोडून पहिले पीक घेणारा कूळ हा दुसरा. आणि पट्टा विकत किंवा कर्जापोटी घेऊन पुढे मालक म्हणून मिरवणारा तिसरा. सरकारी दप्तर पहिल्याची आणि तिसऱ्याची नोंद ठेवते, कारण सारा त्यांनी भरायचा असतो. दुसरा तिथे क्वचितच नावानिशी सापडतो. घरातली आठवण मात्र तिघांचे श्रेय एकाच पूर्वजाच्या पदरात टाकते.

म्हणून माझे सांगणे असे, की शोध मूळ पुरुषापासून खाली आणू नये. हातात असलेल्या कागदापासून वर न्यावा. त्यासाठी यवतमाळ जिल्ह्यात 1951 ही सोयीची पायरी आहे. मध्य प्रदेशच्या 1950 च्या कायद्याने मालगुजारीबरोबरच वऱ्हाडातल्या इजारा गावांचे मालकी हक्कही 31 मार्च 1951 पासून संपले. भरपाई मागायची तर आपला हिस्सा दाखवावा लागे, आणि हिस्सा दाखवायचा तर भाऊबंद सांगावे लागत. घराण्यातल्या कोणी एरवी न लिहिलेली नाती अशा वादाच्या कागदांत निघतात. भांडणाचे कागद प्रेमाच्या पत्रांपेक्षा जास्त बोलतात, हे वंशावळ करणाऱ्याला लवकर कळते. त्याच्या आगेमागे 1954-55 चे अधिकार अभिलेख, फेरफार, पेरेपत्रके, शाळेची दाखल-खारीज रजिस्टरे आणि जन्ममृत्यूची कोतवाल बुके पाहावीत. कुळाच्या घराण्याने 1921 चा वऱ्हाडच्या इजारा-जहागीर गावांतल्या कुळांसाठीचा कायदा ध्यानात ठेवावा. त्याने कुळाच्या हक्काला काही आधार मिळाला, त्यामुळे त्यानंतरच्या कागदांत कुळाचे नाव सापडण्याची आशा धरता येते.

इथून मागे जाताना बहुतेकांची फसगत होते ती जिल्ह्याच्या हद्दीपायी. आजचा यवतमाळ जिल्हा 1905 पर्यंत वणी जिल्हा म्हणून ओळखला जाई, मुख्य ठाणे यवतमाळला असूनही. पुसद तालुका त्या वर्षापर्यंत वाशीम जिल्ह्यात होता. 1903 पर्यंत वऱ्हाडचा कारभार हैदराबादच्या रेसिडेंटकडून चाले, नंतर तो नागपूरहून चालू लागला, आणि 1956 मध्ये तो मुंबईकडे गेला. म्हणजे एकाच कुटुंबाचे कागद यवतमाळ, वाशीम-अकोला, नागपूर, हैदराबाद आणि दिल्ली एवढ्या ठिकाणी विखुरलेले असू शकतात. पुसदच्या घराण्याने 1890 च्या सुमाराचा कागद यवतमाळच्या जुन्या दप्तरात शोधला आणि तो मिळाला नाही, तर त्यावरून पूर्वज तेव्हा आलेच नव्हते असे ठरत नाही. दुसरी गोष्ट : नागपूर-वर्ध्याकडचे जाणकार ‘बंदोबस्त मिसल काढा’ असा सल्ला देतात. तो मालगुजारी मुलखाचा अनुभव आहे. वऱ्हाडात मुंबई पद्धतीची रयतवारी होती, त्यामुळे इथे मोजणीचे आणि खातेदारांचे कागद शोधावे लागतात.

आडनावावर विसंबणे हा त्याहून मोठा धोका. पुसदजवळच्या गहुलीचे नाईक घराणे घ्या, ज्याने महाराष्ट्राला वसंतराव नाईक आणि सुधाकरराव नाईक असे दोन मुख्यमंत्री दिले. घराणे मूळचे राठोड. ‘नाईक’ ही बंजारा तांड्याच्या प्रमुखाची ओळख, जी पुढे आडनाव झाली. पाटील, देशमुख, देशपांडे, कुळकर्णी यांचेही तेच. हुद्दा हातातून गेला की आडनाव बदलू शकते, आणि एका गावातल्या दोन पाटलांत रक्ताचे नाते असेलच असे नाही. त्यात दत्तकाची भर. महाराष्ट्रात चालणाऱ्या हिंदू कायद्यानुसार विधवेला नवऱ्याच्या स्पष्ट परवानगीवाचूनही दत्तक घेता येई, आणि मालमत्तेच्या घरात ते वारंवार घडे. दत्तक गेलेल्या मुलाच्या बापाचे नाव एका नोंदीपुरते बदलते आणि तिथून पुढे शोधणारा भलत्याच घराच्या पिढ्या मोजत बसतो. जात वैधतेसाठी शोध घेणारे यात लवकर सापडतात. त्यांना 1967 किंवा 1961 पूर्वीची एक सोयीची नोंद हवी असते. नाव आणि गाव जुळले की ते थांबतात. दाखल्यासाठी ते चालेल की नाही हे जात पडताळणी समितीने पाहावे. वंशावळीला ते पुरत नाही. बापाचे नाव, शेताचा सर्वे नंबर आणि एखादा नातलग अशा तीन गोष्टी जुळेपर्यंत दोन नोंदींतला माणूस एकच आहे असे मी धरत नाही.

यावर कोणी म्हणेल, की हे सगळे सरकारचे, साऱ्यासाठी लिहिलेले कागद; घरच्या माणसांच्या सांगण्यापेक्षा त्यांना मोठे का मानायचे? आक्षेप रास्त आहे. कारकून नावे चुकवतो, वयाचा अंदाज करतो, बायकांना ‘अमक्याची विधवा’ म्हणून गुंडाळतो. पण त्याला आपल्या पूर्वजाचा मोठेपणा सिद्ध करायचा नसतो, हा त्याचा गुण. उलट नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यांच्या वह्या, मारवाडी घरांचे भाट आणि बंजाऱ्यांचे ढाडी यांच्याकडे दप्तरात नसलेली माहिती असते : मूळ गाव, गोत, स्त्रियांची माहेरे. तीर्थाच्या वहीत यात्रेकरूने स्वतः सांगून लिहवलेली नावे असतात, म्हणून त्या पिढीपुरती ती वही मी फेरफारापेक्षाही वर ठेवीन. पण तोच यात्रेकरू सात पिढ्यांपूर्वीचा पराक्रम सांगू लागला, की तिची किंमत घरच्या आठवणीएवढीच.

दुसरा आक्षेप जास्त बोचरा आहे : पूर्वजाला गावाचा संस्थापक म्हटले तर कोणाचे काय बिघडते? बिघडते. सरकारने गाव ओसाड लिहिले, म्हणजे तिथून सारा येत नव्हता. माणूस नव्हता, असे त्यातून सिद्ध होत नाही. केळापूर, वणी, राळेगावच्या पट्ट्यात कोलामांचे पोड, म्हणजे पाडे, आणि गोंडांची वस्ती पूर्वीपासून होती. फिरत्या शेतीमुळे आणि जंगलावरच्या उपजीविकेमुळे त्यांची नावे खात्यावर चढली नाहीत. म्हणून वंशावळीच्या पहिल्या नावापुढे ‘गाव वसवले’ असे लिहायचे झाल्यास त्याआधी शिवारातली ठाणी, देवस्थाने आणि टेकड्यांची जुनी नावे कोणत्या भाषेतली आहेत हे विचारावे, आणि ते सांगू शकणारे म्हातारे पोडावर असतात, पाटलाच्या वाड्यात नसतात. तिथून उत्तर मिळेपर्यंत पूर्वजाच्या नावापुढे ‘पट्टा घेतला’ एवढेच लिहावे, पट्ट्याचे साल टाकून.