दारू सोडवायला दाखल केलेला माणूस असा का वागतो?

मी व्यसनमुक्ती वॉर्डात रात्रपाळीला होते. दाखल होऊन दोनच दिवस झालेल्या एका गवंड्याने सलाईन उपटून टाकले. भिंतीवर मुंग्या चढताहेत म्हणून ओरडू लागला आणि मला ढकलले. "नाटक करतोय," असे मीच म्हणाले होते. डॉक्टरांनी नाडी पाहिली, तर १३० च्या वर. अंग घामाने भिजलेले. ते नाटक नव्हते, जिवावरचा आजार होता. दाखल करताना बायकोने लाजेने "थोडीशी घेतात" असे सांगितले होते, त्यामुळे औषधाची मात्राही कमी ठरली होती. माणूस वाचला, मी मात्र त्या रात्रीनंतर बदलले.

शरीरात काय होते?

दारू मेंदूला मंदावते. रोज पिणाऱ्याचा मेंदू त्याविरुद्ध जोर लावून काम करायला शिकतो. दारू अचानक थांबली, तरी तो जोर तसाच राहतो. पहिल्या दिवसातच हात थरथरतात, घाम येतो, मळमळते, झोप उडते, चिडचिड होते. पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते. दोन ते चार दिवसांनी काहींना भास होतात, माणसे ओळखू येत नाहीत, ताप चढतो. उपचार न मिळाल्यास यात मृत्यूही होतो. म्हणून रोज भरपूर पिणाऱ्याला घरात कोंडून दारू तोडू नका. दवाखान्यात न्या.

कर्मचाऱ्यांनी कसे वागावे?

भास होणाऱ्याशी वाद घालू नये. दिवा चालू ठेवावा, गर्दी हटवावी, एकानेच हळू आवाजात बोलावे, नाव घेऊन आपण कुठे आहोत ते सांगावे. रुग्णाला 'अहो' म्हणावे. ज्याला गल्लीभर 'बेवडा' म्हणतात, त्याला कोणी 'दादा' म्हटले की तो ऐकतो, हे मी कितीदा पाहिले आहे. नियम मात्र सगळ्यांचा एकच हवा. एका सिस्टरने बिडी नाकारली आणि दुसऱ्याने गुपचूप दिली, की रुग्ण दोघांना झुंजवतो.

"मला घरी ने, इथे मारतात"

असा फोन तिसऱ्या-चौथ्या दिवशी बऱ्याच घरांत येतो. तलफ माणसाला खोटे बोलायला लावते. पण तक्रार खरीही असू शकते. लगेच घरी आणू नका आणि झिडकारूही नका. जाऊन भेटा, अंगावर वळ आहेत का पाहा, एकट्याशी बोला.

मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१७ व्यसनाच्या रुग्णांनाही लागू आहे. साखळीने बांधणे, जबरदस्तीने डोके भादरणे आणि सक्तीने काम करून घेणे याला त्यात मनाई आहे. रुग्णाला नातेवाइकांशी बोलण्याचा हक्क आहे. तातडीचा धोका टाळायला दुसरा उपायच नसेल, तरच आणि मानसोपचारतज्ज्ञांच्या परवानगीने थोडा वेळ रुग्णाला आवरून ठेवता येते. त्याची नोंदही करावी लागते. केंद्र नोंदणीकृत आहे का, रात्री डॉक्टर कोण असतो, भेटू देतात का, हे दाखल करण्याआधी विचारा. वस्तीचे नाव ऐकून कोणी आवाज चढवला, तरी हे प्रश्न सोडू नका.

घरच्यांनी काय करावे?

* शेवटची दारू कधी घेतली, रोज किती घेतो, आधी फिट आली होती का, हे खरे सांगा.
* चहात किंवा भाजीत चोरून औषध घालू नका. दारू सोडवायच्या काही गोळ्यांवर दारू प्यायली, तर जीव जाऊ शकतो.
* घरी आल्यावर पुन्हा प्यायला, तर "पैसे वाया गेले" म्हणू नका. पुन्हा उपचाराला न्या.

पाचवे शील आपण विहारात म्हणतो, म्हणून घरातला पिणारा लपवावासा वाटतो. लपवू नका. त्या गवंड्याच्या जिवावर बेतले, ते असल्याच लाजेमुळे.

माहितीसाठी व्यसनमुक्तीची मोफत राष्ट्रीय हेल्पलाइन: १४४४६.