संगणकाला जागविणारी तबकडी

चांगल्या कोल्हापुरी चपलेचा अंगठा तुटला, म्हणून ती कोणी टाकून देत नाही. कारागीर नवा अंगठा शिवून देतो आणि चप्पल पुन्हा चालू लागते. मग संगणकाच्या बाबतीतच आपण उतावीळ का व्हावे? 'विंडोज १०' या प्रणालीला मिळणारा नेहमीचा विनामूल्य आधार मायक्रोसॉफ्ट कंपनीने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविला. तिची पुढील आवृत्ती पुष्कळ जुन्या यंत्रांवर बसत नाही. त्यामुळे धडधाकट लॅपटॉपही अडगळीत पडतात. अशा यंत्राला पुन्हा कामास लावण्याचा एक मार्ग म्हणजे लिनक्स.

लिनस टॉरवल्ड्स या हेलसिंकी विद्यापीठातील विद्यार्थ्याने १९९१ साली, वयाच्या एकविसाव्या वर्षी, या प्रणालीचा गाभा रचला आणि तो जगापुढे खुला केला. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ साली आरंभिलेल्या 'ग्नू' प्रकल्पातील साधनांची त्याला जोड मिळाली. ही प्रणाली कोणीही वापरावी, तपासावी, सुधारावी व दुसऱ्यास द्यावी, असा तिचा परवानाच आहे. पुण्यात मुख्यालय असलेल्या सी-डॅक या संस्थेने २००७ साली 'बॉस' नावाची लिनक्स प्रणाली प्रसिद्ध केली. तीत मराठीतूनही काम करता येते.

मुलांनो, कळ दाबताच संगणक जागा कसा होतो? त्या क्षणी त्याची कामाची स्मृती कोरी असते. मुख्य फलकावरील एका लहानशा चिपमध्ये काही सूचना कायम साठविलेल्या असतात. त्या यंत्राची तपासणी करतात आणि प्रणालीचा आरंभभाग शोधून तिच्या हाती कारभार सोपवितात. यालाच 'बूट होणे' म्हणतात. आपल्याच बुटाचा पट्टा ओढून स्वतःला उचलणे, अशा अर्थाचा एक इंग्रजी वाक्प्रचार आहे. त्यावरून हा शब्द आला. ज्या तबकडीवर असा आरंभभाग असतो, ती बूट तबकडी होय.

ती तयार करण्यासाठी प्रथम प्रणालीच्या अधिकृत संकेतस्थळावरून तिची 'आयएसओ' फाइल उतरवून घ्यावी. मग तिची पडताळणी करावी. संकेतस्थळावर बहुधा ६४ अक्षरांची व अंकांची एक खूण दिलेली असते. आपल्या फाइलवरून काढलेली खूण तिच्याशी तंतोतंत जुळली पाहिजे. फाइलमधील एक अक्षर बदलले, तरी सारी खूण बदलते.

यानंतर फाइल तबकडीवर उतरवावी. येथे नुसती नक्कल उपयोगाची नाही. घराचा नकाशा पेटीत ठेवला, म्हणून घर उभे राहत नाही. फाइलमधील मांडणी जशीच्या तशी तबकडीवर उमटविणारे साधन वापरावे लागते. साध्या डीव्हीडीवर ४.७ गिगाबाइट मजकूर मावतो. काही प्रणाली त्याहून मोठ्या झाल्याने आता ८ गिगाबाइटचा पेनड्राइव्ह सोयीचा ठरतो. मात्र त्यावरील जुना मजकूर या क्रियेत पुसला जातो, हे ध्यानात ठेवावे.

मग लॅपटॉप बंद करून पेनड्राइव्ह लावावा आणि यंत्र सुरू होताच एफ १२, एफ २ किंवा एस्केप यांपैकी त्या यंत्राला लागू असलेली कळ दाबावी. पुढे येणाऱ्या यादीतून पेनड्राइव्ह निवडावा. अनेक लिनक्स प्रणाली यंत्रात न बसविताही अशा रीतीने चालवून पाहता येतात. ध्वनी, वायफाय, पडदा हे सारे नीट चालते काय, ते आधी पाहावे.

बसविण्याची आज्ञा देण्यापूर्वी मात्र हात आखडावा. 'संपूर्ण डिस्क पुसा' हा पर्याय निवडला, तर आजोबांची छायाचित्रे, आईचे हिशेब, ताईचे निबंध सारे एका क्षणात नाहीसे होतील. म्हणून सर्व महत्त्वाच्या फाइलींची प्रत दुसरीकडे ठेवून ती उघडून पाहावी आणि हे काम वडीलधाऱ्यांच्या संमतीनेच करावे. घाई न करणाऱ्याच्याच हातून जुने यंत्र नवे होते.

अभ्यास
१. बूट होणे म्हणजे काय, ते आपल्या शब्दांत सांगा.
२. फाइलची नुसती नक्कल का चालत नाही?
३. प्रणाली बसविण्यापूर्वी कोणती काळजी घ्यावी?
४. वाक्यात उपयोग करा : अडगळीत पडणे, हात आखडणे.