ऑनलाइन परीक्षा : पेपर बुडू नये म्हणून

२८ ऑगस्ट २०२० रोजी सर्वोच्च न्यायालयाने अंतिम वर्षाची परीक्षा घेतल्याशिवाय विद्यार्थ्यांना उत्तीर्ण करता येणार नाही, असा निर्णय दिला. त्यानंतर महाराष्ट्रातील असंख्य मुलामुलींनी पदवीची परीक्षा मोबाईलवर दिली. आपल्या वसतिगृहातून गेलेल्यांपैकी अनेक जण आपापल्या घरातील पहिले पदवीधर. त्यांचा एक पेपर बुडणे म्हणजे वर्ष आणि शिष्यवृत्ती दोन्ही पणाला लागणे.

अडथळा बहुधा क्षुल्लक असतो. ज्या क्रमांकावर ओटीपी येणार, तो मोबाईल वडिलांबरोबर कामावर गेलेला असतो! नोंदवलेला क्रमांक त्या वेळी घरातच हवा. दुसरा अडथळा कॉलचा. मध्येच कॉल आला की परीक्षेची स्क्रीन मागे जाते आणि काही प्रणाली त्याची नोंद गैरप्रकार म्हणून घेतात. एअरप्लेन मोड लावावा, तर मोबाईल डेटाही बंद पडतो. यावर उपाय असा, की एअरप्लेन मोड लावून मग वाय-फाय सुरू करावे आणि घरातील दुसऱ्या मोबाईलचा हॉटस्पॉट जोडावा. चार्जिंगविषयी वेगळे सांगायला नको. सराव चाचणी मात्र त्याच मोबाईलवर, त्याच जागी बसून द्यावी.

तरीही स्क्रीन अडकलीच, तर घाबरून ‘सबमिट’ दाबू नये. पुन्हा लॉगिन केल्यावर जतन झालेली उत्तरे बहुधा मिळतात. बिघाडाची वेळ, आसन क्रमांक आणि स्क्रीनवर आलेला संदेश लिहून त्याच दिवशी महाविद्यालयाला ई-मेल करावा. तोंडी तक्रारीचा पुरावा राहत नाही.