सुगंधाने फरशी स्वच्छ होते का?

शीर्षक वाचून हा ब्युटी पार्लरचा विषय वाटला असेल तर लगेच पान उलटू नका. विषय आपल्या होस्टेलच्या बाथरूमचा आहे आणि थोडाफार पहिल्या वर्षाच्या केमिस्ट्रीचाही. माझं शिक्षण कॉन्व्हेंटमधलं, त्यामुळे मराठी जरा मिक्स आहे, तेवढं सांभाळून घ्या.

सध्या आमच्या विंगमध्ये 'नॅचरल क्लीनर' घरी बनवायचं फॅड आलंय. मोबाईलवर व्हिडिओ बघायचा, स्प्रेची बाटली आणायची, त्यात पाणी, व्हिनेगर, खायचा सोडा आणि निलगिरीच्या तेलाचे दहा थेंब टाकायचे. झाला क्लीनर तयार! वास मस्त येतो, यात वादच नाही. पण इंजिनिअर व्हायला चार वर्षं घालवायची आणि बाटलीत नेमकं काय चाललंय हे एकदाही विचारायचं नाही, हे काही पटत नाही. मळ काढणं, खार काढणं आणि जंतू मारणं ही तीन वेगळी कामं आहेत. वास हे चौथं. व्हिडिओवाले चारही एकाच बाटलीत कोंबतात, तिथेच गडबड होते.

आधी पाण्याचं बघू, कारण आपल्याकडे सगळं तिथेच अडतं. बीड जिल्ह्यात पाऊस दगा देतो आणि धरणं आटतात. २०१६ च्या उन्हाळ्यात मांजरा धरण कोरडं पडलं आणि लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावं लागलं, हे आपल्यापैकी बऱ्याच जणांनी शाळकरी वयात ऐकलेलं असेल. धरण आटलं की सगळी भिस्त बोअरवर, आणि बोअरचं पाणी म्हणजे हार्ड वॉटर. मराठी माध्यमातून आलेल्या माझ्या रूममेटने त्याला 'दुष्फेन' म्हणतात असं सांगितलं, तेव्हा मला हेवाच वाटला. ज्या पाण्यात फेस धड येत नाही ते दुष्फेन. शब्दातच अर्धा धडा आला की!

केमिस्ट्रीच्या प्रॅक्टिकलला आपण ईडीटीएचं टायट्रेशन करतो, द्रावण वाइन-रेडचं निळं झालं की ब्युरेट थांबवतो, रीडिंग लिहितो आणि जर्नलवर सही घेऊन विसरून जातो. त्या आकड्याचा खरा उपयोग बाथरूममध्ये आहे. समजा पाण्याची हार्डनेस लिटरला ४०० मिलिग्रॅम आली, कॅल्शियम कार्बोनेटच्या हिशेबात. भारतीय मानकानुसार पिण्याच्या पाण्याला २०० पर्यंत योग्य आणि दुसरी सोयच नसेल तर ६०० पर्यंत चालतं, म्हणजे ४०० काही जगावेगळं नाही. कॅल्शियमचा एक आयन साबणाचे दोन रेणू पकडतो आणि त्याचा चिकट पांढरा साका बनतो. सोडियम स्टिअरेटचा रेणूभार सुमारे ३०६ धरून गणित केलं, तर दर लिटरला जवळजवळ अडीच ग्रॅम साबण नुसता कॅल्शियमच्या नावाने शहीद होतो. १५ लिटरच्या बादलीला ३७ ग्रॅम! तेवढा खर्ची पडला की मग कुठे फेस यायला सुरुवात. बादलीच्या कडेला जो करडा थर दिसतो ना, तो मळ कमी आणि आपला साबणच जास्त.

आता रिठ्याकडे येऊ. आपल्या आज्या काही वेड्या नव्हत्या. रिठ्याच्या सालीत सॅपोनिन असतं. साबणासारखंच त्याचं एक टोक तेलकट मळाला धरतं आणि दुसरं पाण्याला. फरक असा की पाण्याकडचं टोक साखरेचं असतं, त्यामुळे कॅल्शियमबरोबर ते साबणासारखा साका धरत नाही. म्हणजे बोअरच्या पाण्यात साबण जिथे हरतो तिथे रिठा टिकतो. आम्ही एका रविवारी दोन रिकाम्या बाटल्यांत नळाचं पाणी घेतलं, एकीत साबणाचा किस आणि दुसरीत रिठ्याचं पाणी टाकून सारखंच हलवलं. साबणाच्या बाटलीत दुधट पाणी आणि वर तरंगणारे गठ्ठे, रिठ्याच्या बाटलीत मात्र बोटभर फेस. कोणीही करून बघावं, पाच मिनिटांचं काम आहे.

कृती सोपी आहे. पंधरा-वीस रिठे फोडून बिया काढा, साली लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा. सकाळी पंधरा-वीस मिनिटं उकळा, गार झाल्यावर कुस्करून जुन्या ओढणीतून गाळा. फरशी, भांडी, लोकरीचे आणि रेशमी कपडे, सगळ्याला चालतं. सोनार दागिने उजळायला हेच वापरतात. डोळ्यात मात्र जाऊ देऊ नका, जबरदस्त झोंबतं. राहिलेलं पाणी विहिरीत किंवा तळ्यात ओतू नका, सॅपोनिन माशांना विषारी असतं.

भांड्यांचा जास्तच तेलकटपणा असेल तर गावाकडची राख आहेच. पऱ्हाट्या जाळलेल्या चुलीच्या राखेत पोटॅशियम कार्बोनेट असतं, ते तेलाशी भिडून थोडा साबण जागेवरच बनवतं. पण होस्टेलला चूल कुठली, म्हणून पुढे जाऊ.

तर सुगंधी तेलं. निलगिरी, गवती चहा, सिट्रोनेला, पाइन, काहीही घ्या, कोणतंही तेल पाण्यात विरघळत नाही. दहा थेंब बाटलीत टाकले की ते वर तरंगत बसतात आणि स्प्रेची नळी तळातून पाणी ओढते. महिनाभर तुम्ही नुसतं पाणी मारता आणि शेवटच्या चार फवाऱ्यांत निव्वळ तेल! तेलाला पाण्यात मिसळायला मधला माणूस लागतो, म्हणजे इमल्सिफायर. बचत गटांच्या स्टॉलवर जे पांढरं फिनाईल मिळतं ते याच तत्त्वावर चालतं. पाइन ऑइल आणि इमल्सिफायर एकत्र, पाण्यात ओतलं की दुधासारखं. दूध वगैरे काही नसतं, तेलाचे बारीक थेंब उजेड विखुरतात म्हणून पांढरं दिसतं. म्हणजे तेलाचा क्लीनर ही काही व्हिडिओवाल्यांची आयडिया नाही, आपल्या बायका तो कधीपासून विकतायत.

रूममध्ये करायचं तर कपभर रिठ्याच्या पाण्यात अर्धा चमचा निलगिरी किंवा गवती चहाचं तेल टाकून बाटली जोरात हलवा आणि मग ते बादलीत ओता. मळ रिठा काढेल, वास तेल देईल. मात्र इतक्या पातळ तेलाने जंतू मरतात असं समजू नका. आणि वरून निव्वळ तेल शिंपडण्याच्या भानगडीत पडू नका. ते पेट घेतं, आणि आपल्याकडे मच्छर कॉइल कायम जळत असते. निलगिरीचं तेल लहान मुलाच्या पोटात थोडंसं जरी गेलं तरी फिट येऊ शकते. म्हणून पाण्याच्या बाटलीत भरायचं नाही म्हणजे नाही. भरलंच असेल तर मार्करने मोठ्ठं नाव लिहा.

व्हिनेगर आणि खायचा सोडा एकत्र, हा तर मला सगळ्यात मोठा विनोद वाटतो. फसफस होते, बघायला छान वाटतं. पण आम्लाने अल्कली मारली, अल्कलीने आम्ल मारलं, कार्बन डायऑक्साइड उडून गेला, आणि हातात राहिलं सोडियम ॲसिटेटचं पाणी. ८४ ग्रॅम सोडा ५ टक्क्यांचं सव्वा लिटरच्या आसपास व्हिनेगर निकामी करतो. वेगवेगळे वापरले तर दोन्ही कामाचे आहेत. सोडा घासायला, आम्ल खार काढायला.

नळावरचा, बादलीवरचा पांढरा खार म्हणजे मुख्यतः कॅल्शियम कार्बोनेट. त्याला लिंबू चालतं, पण लिंबाच्या रसात सायट्रिक ॲसिड साधारण ५ टक्केच असतं. एक ग्रॅम खार विरघळवायला दोन लिंबं घालवण्यापेक्षा किराणा दुकानातून सायट्रिक ॲसिड आणा. लिटरभर गरम पाण्यात दोन मोठे चमचे टाकून नळाला त्याचं फडकं अर्धा तास गुंडाळून ठेवा. पण सावधान, हे पाणी शहाबादी फरशीवर सांडू देऊ नका. शहाबादी म्हणजे चुनखडीच, तीसुद्धा कॅल्शियम कार्बोनेट! आम्लाला खार कोणता आणि फरशी कोणती हे कळत नाही. फरशीची चमक गेली की परत येत नाही.

आता ज्यासाठी हा लेख मुख्यतः लिहिला ते. विंगमध्ये कुणाला जुलाब, कावीळ झाली तर संडास-बाथरूमला रिठा आणि सुगंध पुरणार नाही, तिथे ब्लीचिंग पावडरच पाहिजे. ताज्या पावडरमध्ये साधारण ३० टक्के क्लोरीन असतं, तेव्हा लिटरला सपाट चमचाभर पुरे. आधी मळ धुवायचा, मग हे पाणी टाकून दहा मिनिटं थांबायचं, मग धुऊन टाकायचं. पण ब्लीचिंगवर आम्ल पडलं की क्लोरीन वायू सुटतो. हा तोच वायू, जो २२ एप्रिल १९१५ ला बेल्जियममधल्या ईप्रच्या रणांगणावर हत्यार म्हणून सोडला होता. हवेपेक्षा अडीचपट जड, त्यामुळे आपल्या बिनखिडकीच्या बाथरूममध्ये तो खालीच साचतो, नेमका तिथे, जिथे मावशी वाकून घासत असतात. टॉयलेट क्लीनरमध्ये हायड्रोक्लोरिक आम्ल असतं हे बहुतेकांना माहीत असतं. पण लिंबू, व्हिनेगर आणि सायट्रिकसुद्धा आम्लच आहेत. 'नॅचरल आहे, काही होत नाही' म्हणून तुम्ही सकाळी लिंबाचं पाणी मारून क्लासला गेलात आणि मागून मावशींनी ब्लीचिंग टाकलं, तर खोकला त्यांना लागणार, तुम्हाला नाही. म्हणून ज्या दिवशी ब्लीचिंग, त्या दिवशी आम्ल बंद. दाराला कागद लावा, 'आज ब्लीचिंग', मराठीत आणि मोठ्या अक्षरात. मावशींनाही तोंडी सांगा. चुकून वास आलाच तर पाणी ओतत बसू नका, आधी बाहेर या, दार उघडं टाका.

नॅचरलचाच विषय निघालाय तर आणखी एक. आपल्या बालाघाटाचं सीताफळ खायला एक नंबर, पण त्याच्या बियांची पूड उवांसाठी किंवा घासायला कुणी वापरायला सांगितली तर हात लावू नका. ती डोळ्यात गेली तर बुबुळाला इजा होते.

रिठे आठवडी बाजारात मिळतात, काष्ठौषधीच्या दुकानातही मिळतात. काढलेलं पाणी दोन-तीन दिवसांतच आंबतं आणि मग त्याला निलगिरीसुद्धा वाचवू शकत नाही. तेव्हा शनिवारी रात्री भिजत घाला आणि रविवारी सगळी विंग मिळून संपवा.